विमानाचे उरलेले तास आणि हँगरमधली पाळी

लष्करी विमान किती तास उडाल्यावर उघडून तपासायचे, हे त्याच्या देखभाल-पुस्तिकेत ठरलेले असते. पैसा कमी आहे म्हणून स्क्वाड्रनला तो आकडा आपल्या मर्जीने वाढवता येत नाही. कोणते विमान हँगरमध्ये कधी न्यायचे, हा क्रम मात्र तिच्या हातात असतो.

समजा, 12 विमाने आहेत, मोठी तपासणी दर 300 तासांनी आहे आणि सगळी मिळून महिन्याला 300 तास उडतात. म्हणजे महिन्याला एक तपासणी. ती 20 दिवसांत उरकत असेल, तर तंत्रज्ञांची एकच तुकडी पुरते. एका वेळी फार तर एक विमान आत, 11 बाहेर. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला सुमारे 27 तास. म्हणून पुढच्या मोठ्या तपासणीपर्यंतचे त्यांचे उरलेले तासही 27, 54, 81 असे पायरीपायरीने चढत 300 पर्यंत जायला हवेत. फळ्यावर हे मांडले की तिरपी रेघ दिसते. रेघेखाली घसरलेल्या विमानाला उड्डाणे कमी द्यायची, वर राहिलेल्याला जास्त.

रेघ मोडते ती चांगल्या विमानामुळे! जे कुरकुरत नाही तेच रोज उडवले जाते, त्याचे तास भराभर संपतात आणि दोन विमाने एकदम दाराशी येतात. मग एक 20 दिवस नुसते उभे राहते, आणि पुढे कधीतरी तुकडी रिकामी बसते.

तपासण्या वाढवल्या की विमान अधिक भरवशाचे होते, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये (समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या विभागात) काम करणाऱ्या सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या गटाला दिसले, की 50 तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि हळूहळू कमी होतात. धडधाकट जोडण्या सोडवल्याने नवे दोष शिरत होते. पुढे 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात, अभ्यासलेल्या भागांपैकी जेमतेम 11 टक्क्यांनाच ठरावीक वयात बदलल्याचा फायदा होऊ शकतो, असे आढळले. म्हणून पुस्तिका परवानगी देते तिथे इंजिन न सोडवता बोअरस्कोपने (छिद्रातून आत घालायच्या बारीक दुर्बिणीने) आत पाहणे आणि तेलातल्या धातुकणांवर लक्ष ठेवणे जास्त शहाणपणाचे.

विमान आत आले की आधी धुवायचे, पॅनेल उघडायची आणि सुरुवातीचे दिवस फक्त पाहण्यात घालवायचे. दिसेल ते लगेच दुरुस्त करायचा मोह आवरावा, कारण सगळे दोष लवकर कळले तरच सुट्या भागांची मागणी वेळेत जाते. एका पॅनेलमागची सगळी कामे एकदमच करायची, मग ती तासांवर ठरलेली असोत वा तारखेवर (रबर आणि गंज उड्डाणाची वाट पाहत नाहीत). पॅनेल दोनदा उघडले, तर सीलंट (फटी बुजवणारा लेप) दोनदा लावायचे आणि सुकण्याची वाटही दोनदा पाहायची.

विमान अडते ते बहुधा किरकोळ मालापायी: ओ-रिंग, गास्केट, स्प्लिट पिन, लॉकिंग वायर. ही यादी 50 तास उरले असतानाच भांडाराकडे द्यावी, सीलंटची मुदतही तेव्हाच पाहावी. भाग नाही म्हणून शेजारच्या विमानातला काढला, तर दोनऐवजी चार कामे होतात: खराब काढणे, चांगला काढणे, तो इकडे बसवणे, नवा आला की तिकडे बसवणे. भाग हायड्रॉलिकचा असेल, तर गळतीची चाचणी दोन्ही विमानांवर करावी लागते आणि दोन्हींच्या नोंदवह्यांत त्याचे वापरलेले तास बिनचूक उतरवावे लागतात.