टाका जवळ घालावा की दूर?

पोटाची मोठी शस्त्रक्रिया संपत आली की पोट शिवायचं काम उरतं. टाके किती अंतरावर घालायचे, हे बहुधा सर्जन कोणाच्या हाताखाली तयार झाला त्यावर ठरायचं. जखमेच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर सुई टोचायची आणि तेवढ्याच अंतरावर पुढचा टाका, ही रूढ रीत. नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर तिची परीक्षा झाली. निम्म्यांना रूढ टाके, निम्म्यांना ५ मिलिमीटरचे बारीक. २०१५ साली निकाल आला: वर्षभरात जखमेच्या जागी हर्निया झालेले रुग्ण पहिल्या गटात २१ टक्के, दुसऱ्यात १३ टक्के. जास्तीचा वेळ? चारेक मिनिटं.

मोठ्या टाक्यात पोटाच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणासोबत चरबी आणि स्नायूही आवळले जातात. तिथला रक्तपुरवठा घटतो, ऊती मरतात, टाका सैल पडतो आणि कडांमध्ये फट राहते. बारीक टाका फक्त आवरण धरतो. चार मिनिटं वाचवण्यात कोणाचं भलं होत होतं, कोण जाणे!

पण सगळ्याच आवडीनिवडींचा निकाल इतका सरळ लागत नाही. हृदयाची बायपास हृदय थांबवून, यंत्राच्या आधाराने करावी की धडधडत्या हृदयावर, यावर सर्जनमध्ये जुने तट आहेत. अमेरिकेतल्या २००९च्या चाचणीत धडधडत्या हृदयावरची पद्धत शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने मागे पडलेली दिसली. टीकाकार म्हणाले, त्यात नवखे हात फार होते. पुढे ४,७५२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, ज्या पद्धतीने शस्त्रक्रिया करायची तिच्या शंभराहून अधिक शस्त्रक्रिया केलेलेच सर्जन घेतले, आणि २०१२मध्ये पहिल्या महिन्याच्या निकालात मृत्यू, पक्षाघात अशा मोठ्या धोक्यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

हात किती महत्त्वाचा, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातही दिसलं. वजन घटवण्याची दुर्बिणीतली शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जननी स्वतः निवडलेली एकेक चित्रफीत दिली, म्हणजे आपलं वाईट काम कोणी पाठवलं नसणार. नाव न कळता इतर सर्जननी गुण दिले. तळाच्या चौथाई सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत १४.५ टक्के, वरच्या चौथाईत ५.२ टक्के.

म्हणून काही संशोधक वेगळी चाचणी सुचवतात: रुग्णावर कोणती पद्धत वापरायची याची नव्हे, तर त्याची शस्त्रक्रिया कोणता सर्जन करणार याची चिठ्ठी काढायची. प्रत्येकाने आपल्या हातात बसलेली पद्धतच वापरायची. नावडती पद्धत नाइलाजाने करण्याचा दोष त्यात टळतो. मात्र एका गटाचे सर्जन मुळातच जास्त तरबेज असतील, तर श्रेय पद्धतीचं की त्यांच्या हाताचं, हा गुंता तिथेही सुटत नाही.