फर आणि झुर: लोहाचा पहारेकरी कोणता, जस्ताचा कोणता?

डिचोली-सांग्याच्या खाणपट्ट्यात पावसाळी ओहोळ गेरूसारखे तांबडे वाहतात. एवढ्या लोहात राहूनही तिथले जिवाणू लोहासाठी हपापलेले असतात. हवेत लोह गंजून फेरिक (तीन धनभारांचं) होतं, आणि उदासीन पाण्यात मुक्त फेरिक आयन जेमतेम लिटरमागे 10⁻¹⁸ मोल उरतात. फर नावाच्या प्रथिनाला बाहेरच्या या तांबडेपणाशी काही देणंघेणं नाही. पेशीच्या आत वापरता येईल असं फेरस (दोन धनभारांचं) लोह किती आहे, तेवढंच ते जोखतं.

झुर हे प्रथिन त्याच कुळातलं, पण ते जस्त जोखतं. घडण सारखी, दोन-दोन रेणूंची जोडी करून डीएनएवर बसायची रीतही सारखी, म्हणून दोघांत गल्लत होते. दोघंही मुख्यतः जनुकं बंद करणारी प्रथिनं आहेत. धातू भरपूर असला की तो प्रथिनाला चिकटतो, प्रथिन जनुकाच्या तोंडाशी बसतं आणि वाचन थांबतं. धातू आटला की प्रथिन सुटतं आणि जनुक उघडतं. परीक्षेत हे हमखास उलटं लिहिलं जातं: 'धातू मिळाला की धातू ओढणारं जनुक सुरू'. पोट भरलेल्याने पुन्हा पान कशाला मांडावं?

खरा फरक संवेदनेत आहे. फर सुमारे मायक्रोमोलर (लिटरमागे 10⁻⁶ मोल) पातळीच्या लोहाला प्रतिसाद देतं. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या पेशीचं आकारमान एक फेम्टोलिटर धरलं तर 1 मायक्रोमोलर म्हणजे सुमारे 600 आयन. झुरची कळ मात्र 10⁻¹⁶ मोलरच्या आसपास फिरते, हे 2001 साली मोजलं गेलं. एवढ्याशा पेशीत एकच मुक्त आयन असला तरी तो नॅनोमोलरच्या (10⁻⁹ मोलर) घरात जातो, म्हणजे त्या कळीच्या कितीतरी वर. म्हणजे निरोगी पेशीत मोकळं जस्त जवळजवळ नसतंच. जवळपास सगळं कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या ताब्यात असतं.

आपल्या शरीरात शिरलेल्या जिवाणूतही दोघांवर येणारी वेळ वेगळी. आपलं रक्त ट्रान्सफेरिन या प्रथिनाने लोह बांधून ठेवतं. तेव्हा जिवाणूतलं फर सुटतं आणि एन्टेरोबॅक्टिनसारखे लोह खेचणारे रेणू बनवणारी जनुकं उघडतात. लोह कमी असताना फर रिहबी या छोट्या आरएनएवरचा लगामही सोडतं, आणि रिहबी लोहखाऊ प्रथिनांचे संदेश नष्ट करवतो. त्यामुळे लोह भरपूर असताना फरच ही प्रथिनं 'चालू' करतं असा भास होतो. प्रत्यक्षात तो बंद करणाऱ्याला बंद करण्याचा परिणाम असतो. जस्ताची नाकेबंदी करतात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, जस्त बांधणारं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन सोडून. आतड्याला सूज आलेली असताना साल्मोनेला हा जिवाणू तगतो तो झुरने मोकळ्या केलेल्या झ्नूएबीसी या जस्त आत ओढणाऱ्या पंपाच्या जोरावर. ई. कोलायमध्ये तर झुर सुटलं की जस्त धरणाऱ्या काही रायबोसोम-प्रथिनांच्या जागी बिनजस्ताची प्रथिनं येतात, आणि जुन्यांतलं जस्त वापरायला मिळतं. काटकसर म्हणावी ती ही!

प्रयोगात चूक होते ती इथे: माध्यमात ईडीटीए हा धातू बांधणारा पदार्थ घालायचा, जनुक उघडलेलं दिसलं की 'फर' लिहून मोकळं व्हायचं. ईडीटीए लोह, जस्त, मँगनीज सगळंच धरतं. त्यापेक्षा एम-9 या जिवाणू वाढवायच्या माध्यमात दोन वेगळे संच लावा: लोह बांधायला 200 मायक्रोमोलर डायपिरिडिल, जस्त बांधायला 5 मायक्रोमोलर टीपेन. दोन्ही इथेनॉलमध्ये विरघळवतात, म्हणून नुसत्या इथेनॉलचा संच हवाच. हे पदार्थही पूर्ण निवडक नाहीत, त्यामुळे निकाल लागतो तो धातू परत देऊन. डायपिरिडिलचे तीन रेणू एक लोह धरतात. 200 मायक्रोमोलरला 67 मायक्रोमोलर लोह पुरतं, म्हणून 100 द्या. माध्यम लालसर होईल. ते बिघडलं समजून ओतून देऊ नका, फक्त ओडी (जिवाणूंच्या वाढीची गढूळता) मोजताना कोरं माध्यम त्याच रंगाचं घ्या. टीपेनच्या संचात 10 मायक्रोमोलर झिंक सल्फेट. एफईपीए हे लोह आत घेण्याचं जनुक लोहानेच बंद झालं तर फर, झ्नूए हे जस्ताच्या पंपाचं जनुक जस्तानेच बंद झालं तर झुर.

भांडी 10 टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून अतिशुद्ध पाण्याने खंगाळा. रबरी बुचं आणि पावडरचे हातमोजे टाळा. दोन्हींतून जस्त सुटतं आणि झुरचा प्रयोग तिथेच संपतो.

शुद्ध केलेल्या ई. कोलायच्या फरमध्ये जस्त सापडलं म्हणून ते झुर ठरत नाही. ते जस्त प्रथिनाची घडी टिकवणारं असतं. नळीतल्या प्रयोगात फरला लोहाऐवजी मँगनीज देतात, कारण फेरस लोह हवेत टिकत नाही. पण तिथे मँगनीज चाललं म्हणून पेशीतही फर मँगनीजच ओळखतं, असं ठरत नाही.

फेरस सल्फेटचं द्रावण त्याच दिवशी, किंचित आम्लयुक्त पाण्यात करा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत बाटलीतल्या फिकट हिरव्या खड्यांवर तपकिरी साय धरते. ती दिसली की बाटली बदला, नाहीतर लोह म्हणून तुम्ही घालाल तो बहुतेक गंजच असेल.