छोट्या पक्षाकडून नगरपालिका लढवायचीय? आधी नोंदणीचे कागद बघा

बऱ्याच जणांना वाटतं दिल्लीला, म्हणजे भारत निवडणूक आयोगाकडे, पक्षाची नोंदणी झाली की काम झालं. तसं नाहीये. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे त्यांच्याकडे वेगळी नोंदणी लागते. ग्रामपंचायतीला हा प्रश्नच नाही, तिथे पक्षाचं चिन्ह नसतं.

दिल्लीच्या नोंदणीचं असं आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 29अ. पक्ष स्थापन झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज गेला पाहिजे, नंतरचा घेत नाहीत, म्हणून स्थापनेची सभा घ्यायच्या आधीच कागद जमवायला लागा. लेटरहेडवर अर्ज, 10,000 रुपये फी, पक्षाची छापील घटना, आणि कमीत कमी 100 सदस्य, सगळे मतदार यादीत नाव असलेले, आणि प्रत्येकाचं वेगळं अॅफिडेव्हिट की मी दुसऱ्या कुठल्या नोंदणीकृत पक्षात नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो कारण शंभर माणसं स्टॅम्प पेपर नोटरी करून आणून देईपर्यंत महिना संपत येतो. पक्षाच्या घटनेत संविधान, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाहीवर निष्ठा हे स्पष्ट लिहिलेलं हवं, शिवाय 5 वर्षांच्या आत निवडणूक लढवू हेसुद्धा. मग पेपरात जाहीर नोटीस, कोणाची हरकत असेल तर ती ऐकली जाते.

नोंदणी मिळाली की लोक निवांत होतात, तसं करू नका. 2016 ला राज्य आयोगाने 191 पक्षांची नोंदणी रद्द केली, इन्कम टॅक्स रिटर्न आणि ऑडिटचे कागद दिले नाहीत म्हणून, त्यात एमआयएमसारखा आमदार असलेला पक्षही होता. ऑगस्ट 2025 मध्ये भारत निवडणूक आयोगाने 334 पक्ष यादीतून काढले, 2019 पासून एकही निवडणूक लढवली नव्हती म्हणून. त्यामुळे दरवर्षी ऑडिट, रिटर्न आणि वीस हजारांवरच्या देणग्यांचा हिशोब वेळेवर द्या, पक्षात दोनच माणसं कामाची असली तर त्यातला एक याच कामाला ठेवा.

निवडणुकीत एबी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने दिलेलं पत्र, मुदतीत पोचला पाहिजे, नाहीतर उमेदवार अपक्ष धरला जातो. आणि पक्ष मान्यताप्राप्त नसेल तर चिन्ह मुक्त यादीतून, म्हणजे कुठल्याच पक्षाला राखून न ठेवलेल्या चिन्हांतून, तेही अर्ज माघारीची मुदत संपल्यानंतर. मोठ्या पक्षाचं चिन्ह घराघरात आधीच माहीत असतं आणि आपल्याला आपलं चिन्ह सांगत फिरायला मोजके दिवस, त्यात मुंबई सोडून बाकी महापालिकांत बहुतेक चार नगरसेवकांचा मिळून एक मोठा प्रभाग. हे बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे, चिन्ह आधी मिळायला पाहिजे.

निवडून आलात तर अजून एक काम राहतं, गटनोंदणी, म्हणजे पक्षाच्या निवडून आलेल्या नगरसेवकांचा एक गट म्हणून नोंद. महापालिकेत ती विभागीय आयुक्तांकडे होते, नगरपालिकेत जिल्हाधिकाऱ्यांकडे. समित्यांवरच्या जागा आणि स्वीकृत (निवडणुकीतून न येता नेमलेले) सदस्य गटाच्या संख्येवर ठरतात. एक-दोनच नगरसेवक असतील तर महापालिकेत निकाल अधिसूचित झाल्यापासून एक महिन्याच्या आत दुसऱ्यांबरोबर आघाडी करून नोंदवता येते, तेव्हा निकालानंतर सत्कार घेत बसण्याआधी तेवढं उरकून घ्या.