जेवढं गवत माळ्यावर, तेवढ्याच गायी डोंगरावर

स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल नावाच्या गावानं 1517 साली एक नियम लिहून ठेवला. हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गायी पोसता येतील, त्याहून जास्त गायी कुणीही उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडायच्या नाहीत. बस्स, एवढंच. या एका ओळीनं पुढची कित्येक शतकं ते कुरण राखलं आणि विसाव्या शतकात एका गाजलेल्या सिद्धांताची पंचाईत केली.

गाव तसं किरकोळ. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे 2,100 ग्रामपालिका आहेत, त्यातली ही एक. वालिस कँटनमध्ये (म्हणजे प्रांतात), मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याकडे जाणाऱ्या, व्हिस्पा नदीच्या खोऱ्यात, जवळपास 1,500 मीटर उंचीवर, उताराला बिलगून बसलेली. वस्ती पाचशेच्या आसपास. उन्हानं काळवंडलेली लाकडी घरं, आणि धान्याची कोठारं लाकडी पायांवर उभी. प्रत्येक पायावर एक गोल सपाट दगड, म्हणजे उंदीर चढला तरी तिथंच अडकतो.

फोटोत दिसते ती हिरवळ मात्र फसवी आहे. चहूबाजूंचे उंच डोंगर ढग अडवून धरतात, त्यामुळे देशातल्या सर्वांत कोरड्या भागांत या खोऱ्याची गणना होते. तळाशी वर्षाला 600 मिलिमीटरही पाऊस पडत नाही. गवत वाढतं ते डोंगरकड्यांवरून वळवून आणलेल्या पाटांच्या पाण्यावर. पाण्याची पाळी कुणाची आणि किती वेळ, याचा हिशेब लाकडी पट्ट्यांवर खाचा पाडून ठेवायचे. प्रत्येक कुटुंबाची त्यावर स्वतःची खूण. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी गावकरी मिळून पाटाचं पाणी वाटून घेतात, त्या फड बागायतीत पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला यातलं फारसं काही समजावून सांगावं लागलं नसतं.

आता त्या नियमाकडे. वर्षातला निम्माअधिक काळ गुरं गोठ्यात असतात आणि माळ्यावर साठवलेलं वाळलं गवत खातात. ते गवत येतं गावालगतच्या खासगी कुरणांतून. त्यांना पाणी द्या, शेणखत घाला, कापा, वाळवा, पाठीवरून वाहून आणा. थोडक्यात, गाय पाळण्यातला सगळा घाम हिवाळ्याच्या वाट्याचा. उन्हाळी कुरण फुकट असलं, तरी नियमानं तिथल्या गायींची संख्या त्या घामाशी बांधून टाकली. नाहीतर चार पैसे बाळगून असलेल्या माणसानं वसंतात गायी विकत घ्यायच्या, सगळ्यांच्या गवतावर चरवायच्या आणि थंडीआधी विकून मोकळं व्हायचं, हा धंदा सोपा होता. शिवाय कुरण किती गायी झेपवेल हे सांगणं आजच्या शास्त्रज्ञालाही अवघड जातं, पण शेजाऱ्याच्या माळ्यावर गवत किती आहे, हे गावात कुणापासून लपतं?

नियम पाळला जाईल याची तजवीजही तितकीच हिशेबी होती. ठरलेल्या दिवशी गायी वर जायच्या आणि लगेच मोजल्या जायच्या, कारण वर बनणाऱ्या चीजमधला प्रत्येक घराचा वाटा त्या मोजणीवरूनच ठरे. देखरेखीला ‘गेवाल्टहाबर’ नावाचा अधिकारी असे. शब्दाचा अर्थच ‘ज्याच्या हाती सत्ता आहे तो’. जास्तीची गाय सापडली की तो दंड करी आणि दंडातला निम्मा वाटा त्याच्या खिशात जाई. असा माणूस डोळे मिटून कशाला बसेल! जंगलातली झाडंही आधी खुणा करून, मग घरांच्या गटांमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटली जात.

1970च्या सुमारास रॉबर्ट नेटिंग हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ इथं येऊन राहिले. त्यांना एक गोष्ट खटकली. हेच लोक धान्याचं शेत, परसबाग, द्राक्षमळा आणि गवताचं कुरण खासगी ठेवतात. वरचं चराऊ कुरण, जंगल आणि पडीक जमीन मात्र सामाईक. एका दोरीत दोन गाठी का? नेटिंग यांचं उत्तर जमिनीकडे बोट दाखवतं. वरच्या जमिनीचं एकरी उत्पन्न तुटपुंजं, तेही बेभरवशाचं. या वर्षी एका बाजूला गवत चांगलं, तर पुढच्या वर्षी तिथंच बर्फ उशिरापर्यंत पडून. त्यात पैसा किंवा श्रम ओतून फार काही वाढत नाही. तुकडे केले तर एखाद्याच्या नशिबी नुसता खडक यायचा. कुंपणं, वाटा, गुराख्याचा पगार हे सगळं एकत्र केलं तरच परवडतं. मला या अभ्यासातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्यात ‘भोळेभाबडे खेडूत मिळून मिसळून राहतात’ ही शहरी गोडगोड कल्पना कुठंच नाही.

1968 साली जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमकं उलट मांडलं होतं. सुरुवातीला म्हटलेला गाजलेला सिद्धांत तो हाच. सामाईक कुरणात आणखी एक गाय सोडली की फायदा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटलेला, त्यामुळे प्रत्येक जण गायी वाढवत जाणार आणि कुरण उजाड होणार. तर्कात चूक नाही. पण हार्डिन यांच्या मनातलं कुरण मोकाट होतं. तिथं ना मोजणी, ना दंड, ना गेवाल्टहाबर. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली उदाहरणं तपासून हा फरक दाखवून दिला आणि ट्योर्बेलला त्यात ठळक जागा दिली. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

या व्यवस्थेला काळी बाजूही होती. 1 फेब्रुवारी 1483 रोजी गावकऱ्यांनी कुरण-जंगलाच्या वापरासाठी रीतसर संघटना उभी केली आणि बाहेरच्यानं गावात जमीन विकत घेतली तरी सामाईक कुरणावर किंवा झाडतोडीवर त्याला हक्क नाही, असा कायदा होता. सामाईक म्हणजे आपल्यांपुरतं. खाणारी तोंडंही मर्यादित राहिली, पण ती उशिरा लग्न करून, कित्येकांनी आजन्म अविवाहित राहून आणि काहींनी गाव सोडून. अठराव्या शतकाच्या अखेरीस बटाटा आला, तेव्हा कुठं लोकसंख्येला वाढायला जागा मिळाली.

आज खाली व्हिस्प शहरात मोठा रासायनिक कारखाना आहे, आणि इथल्या घरांत शेती बऱ्याचदा जोडधंदा असते. 2023 साली युनेस्कोनं पारंपरिक पाटपाणी आणि आल्प्समधला उन्हाळी चराईचा हंगाम, दोन्हींना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. वारसा म्हणून मान मिळतो तोवर हिशेबाची बाजू मात्र पालटलेली असते. आल्प्समध्ये आता कित्येक ठिकाणी अडचण जास्तीच्या गायीची नाही. चरायला गुरंच पुरेशी नाहीत, आणि सोडून दिलेल्या कुरणांवर आधी झुडपं, मग झाडं चढत चालली आहेत.