स्लॅब टाकताय? मग पत्र्याचा हिशोब पण आत्ताच करा

गावठाणात म्हणा, गोराई-उत्तनकडे म्हणा, स्वतःचं घर बांधणारे बरेच जण आधी स्लॅब टाकतात, काही पावसाळे काढतात आणि गळायला लागलं की वर पत्र्याची शेड मारतात. माझं म्हणणं, शेवटी पत्रा येणारच असेल तर तो पहिल्यापासून ड्रॉइंगमध्येच घ्या ना.

पाण्याचं बघा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे 500 स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर साधारण 44 हजार लिटर, दहा हजारवाले चार टँकर ओतूनही कमीच. पण स्लॅबची वाट असा एखादा दिवस लावत नाही, पावसाळाभर कोपऱ्यात साचून राहिलेलं ते पाव इंच पाणी लावतं. काँक्रीट दिसायला घट्ट, पण आत केसाहून बारीक पोकळ्या असतात आणि वातीत तेल चढावं तसं पाणी त्यात आपोआप ओढलं जातं. म्हणून कोब्याला (स्लॅबवर पाणी अडवायला घालतात तो थर) निदान 100 ला 1 उतार पाहिजे, म्हणजे 20 फुटांत जवळपास अडीच इंच, आणि तो नजरेने नाही, लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून बघायचा. कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, मारून घ्या, गळती बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. मग टाइल्स लावायच्या आधी गच्चीत दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालून ओल येते का बघा.

समुद्राजवळ अजून एक भानगड आहे. खाऱ्या हवेतलं क्लोराइड ओलीबरोबर आत जातं आणि सळईवरचा संरक्षक थर फोडतं, मग गंज चढतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटून पोपडे पडतात. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला आपलं मानक 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेर तेवढा काँक्रीटचा थर, सांगतं, साइटवर मात्र सळईखाली खडीचा तुकडा सरकवून काम भागवतात. सळई उचलून धरणारे ठरावीक जाडीचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, लावलेत का ते स्वतः चढून बघा, काँक्रीट ओतल्यावर काहीच दिसत नाही.

उन्हाचं गणित सोपं आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता काही तास उशिरा खाली सोडतो, म्हणून रात्री दहाला पण पंख्याची हवा गरम लागते. वर पत्रा असला आणि मधे वारा खेळायला मोकळी जागा असली की स्लॅब सावलीत राहतो, पाणीही साचत नाही. (कौलं मलाही आवडतात, पण माकडं आणि दरवर्षीची शाकारणी कोण बघणार?)

आता वारा. डिझाइनसाठी मुंबईचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, ताशी 158 किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 118 किलो होतो आणि पत्र्याचं वजन जेमतेम चार-पाच किलो. उचलायचा जोर घराच्या आकारावर कमीजास्त होतो, कडेला आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त, पण पत्रा वजनावर टिकत नाही, पकडीवर टिकतो एवढं नक्की. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात रायगडात किती पत्रे उडाले ते आठवा. म्हणून शेडच्या खांबांचे बोल्ट कॉलमच्या सळईला धरून काँक्रीटमध्येच सोडून ठेवा, नंतर ड्रिल केलं की वॉटरप्रूफिंगलाच भोक पडतं. जे-हुक (पत्रा खालच्या पाइपला धरून ठेवणारा वाकडा बोल्ट) पत्र्याच्या फुगवट्यावर मारायचा, खोलगट पन्हळीत नाही, आणि खालचा रबरी वॉशर पत्र्याच्या कितीतरी आधी उन्हाने कडक होऊन चिरतो, तेव्हा मे महिन्यात एकदा वर चढून ते बदलून घ्यायचे.