गाडीच्या पुढच्या काचेचा आतला धुरकट थर

कार, टेम्पो, बस, कुठल्याही बंद केबिनच्या गाडीत पुढच्या काचेला आतल्या बाजूने हळूहळू जो पांढरट, हाताला किंचित चिकट लागणारा पातळ थर धरतो त्याबद्दलची ही नोंद. कोणी म्हणतं काच धुरकटली, कोणी म्हणतं काचेला तेल धरलंय, आणि तेल म्हणणारेच जास्त बरोबर आहेत कारण हा थर मुळात धुळीचा नसतोच. दिवसा तो दिसतही नाही. रात्री समोरून कोणी अप्पर मारत आला की सगळी काच एकदम दुधाळ होते, प्रत्येक दिव्याभोवती गोल वलय दिसतं आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्या उजेडात गायब होतो. तीच गत संध्याकाळी पुण्याहून मुंबईकडे निघालं की होते, सूर्य सरळ तोंडावर आणि काच पांढरी फक्क, मग माणूस वायपर आणि पाणी मारत बसतो पण घाण आतून असते त्यामुळे फरक शून्य.

थर येतो मुख्यतः गाडीच्या आतल्याच सामानातून. डॅशबोर्ड, सीटचं रेक्झिन, दाराचे पॅड, छताचं कापड चिकटवायचा गोंद, फोम ह्यात प्लास्टिक मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर नावाची तेलकट रसायनं घातलेली असतात, पीव्हीसीत तर जास्तच. गाडी उन्हात उभी राहिली की हे तापतं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले आढळले, आपल्याकडे सोलापूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात काय होत असेल त्याचा अंदाज करा. एवढ्या उष्णतेत ही जड तेलं थोडी थोडी वाफ होऊन केबिनमध्ये पसरतात आणि संध्याकाळी काच सगळ्यात आधी गार पडते म्हणून तिच्यावर जाऊन बसतात. स्वयंपाकघरात एक्झॉस्टच्या आजूबाजूच्या टाइल्सवर जो चिकटा बसतो तसंच हे, फक्त फोडणी डॅशबोर्डची.

नव्या गाडीचा वास आणि हा थर एकच समजतात लोक, पण तसं नाही. वास येतो तो हलक्या, पटकन उडणाऱ्या रसायनांचा आणि तो काही महिन्यांत बराच कमी होतो. थर जमवणारी रसायनं जड असतात, सावकाश निघतात, म्हणून वास गेल्यावरही काच पुढे कितीतरी दिवस धुरकटत राहते. गाड्या बनवणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे आणि ह्याची रीतसर टेस्ट असते, जर्मनीचं डीआयएन ७५२०१, अमेरिकेचं एसएई जे१७५६ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ ६४५२ ही तिची स्टँडर्ड. पद्धत साधीच आहे, डॅशबोर्डच्या मटेरियलचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवायचा, खालून १०० अंशाला तापवायचा, वर २१ अंशाला गार ठेवलेली काच झाकायची आणि ३ तासांनी त्या काचेची चमक किती उतरली ते मोजायचं. वजनाने मोजायची दुसरी पद्धत आहे तिला १६ तास लागतात. म्हणजे फॅक्टरीत जे मोजतात तेच आपल्या पार्किंगमध्ये रोज होत असतं.

आता ह्यात आपली भर. सिगारेट ओढत असाल तर तिचं टार पिवळसर होऊन काचेवर बसतं आणि हा सगळ्यात हट्टी प्रकार. टॅक्सी-रिक्षावाल्यांची, ट्रॅव्हल्सवाल्यांची सकाळची अगरबत्ती, कापूर, जेलवाला परफ्यूम, सगळ्याचा थोडा थोडा अंश काचेवर जातो. श्वास, घामट हात, काचेवर बोटाने नाव काढणारी मुलं ही वेगळी. पण माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे डॅशबोर्ड पॉलिश. वॉशिंगला गाडी दिली की शेवटी तो पोरगा स्पंजवर चकचकीत सिलिकॉन घेऊन डॅशबोर्ड असा चोपडतो की आरसा व्हावा, गिऱ्हाईक खूश, आणि ते सिलिकॉन उन्हात थोडं थोडं काचेवर चढतं, शिवाय चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंबही काचेत पडतं ते वेगळंच. बरेचदा तर त्याच फडक्याने काचही पुसतात, मग बोलायलाच नको. पॉलिश नको म्हणून आधीच सांगावं किंवा पाण्यावर आधारित, चमक न देणारं मागावं.

एक वेगळी केस लक्षात ठेवावी. थर पुसून दोन दिवसांत परत येतोय, चिकट आहे, ब्लोअर सुरू केला की गोडसर वास येतोय आणि कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या लिक्विडची, लेव्हल उतरतेय असं सगळं एकत्र असेल तर डॅशबोर्डच्या मागचा हीटर कोअर, म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटर, गळत असू शकतो, तिथलं कूलंट वाफ होऊन काचेवर येतं. ते पुसून उपयोग नाही, गाडी मेकॅनिककडेच न्यायची.

पावसाळ्यातलं धुकं आणि हा थर ह्यातही लोक गल्लत करतात. बोट फिरवलं आणि ओलं लागलं तर ती वाफ, तेलकट रेघ उमटली तर थर. दोघांचं नातं मात्र आहे, घाणेरड्या काचेवर पाण्याचे बारीक थेंब लवकर धरतात म्हणून आंबोलीत किंवा ताम्हिणीत जुलैमध्ये ज्याची काच आतून स्वच्छ त्याला कमी त्रास. वाफ आतून असेल तर एसी चालू करून हवा काचेवर सोडायची आणि रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं बटण, बंद करायचं. एसी फार गार करून काचेवर मारला तर मात्र बाहेरून धुकं धरतं, ते वायपरने जातं, आतून कितीही पुसा. जुने ड्रायव्हर वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू नाहीतर बटाटा चोळायचे ती युक्ती बाहेरच्या बाजूची, पावसासाठी, ती आतून करायची नाही.

साफ करताना मुख्य अडचण अशी की तेल पुसलं जात नाही, पसरतं. लोक कॉलिनसारखं निळं लिक्विड मारतात, टॉवेलचं जुनं फडकं फिरवतात, दिवसा काच चकाचक दिसते आणि रात्री समोरून लाईट आला की त्याच फडक्याचे गोल गोल फराटे दिसतात. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं, आधी तेल उचलायचं मग काच कोरडी चमकवायची, आणि दोन्हीला वेगळं फडकं. तेल उचलायला सगळ्यात भरवशाचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, ७० टक्क्यांचं, मोबाइल रिपेअरवाले ज्याला आयपीए म्हणतात तेच, केमिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतं. कोरोनातल्या उरलेल्या सॅनिटायझरने करू नका, त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं आणि ते काचेवर राहतं, म्हणजे एक थर काढून दुसरा बसवला. आयपीए पेट घेतं त्यामुळे दारं उघडी, गाडी बंद, आणि बिडी-काडी लांब. भांड्याचा साबण वापरला तर नावाला थेंबभर, नाहीतर तो धुवून काढता काढता नाकी नऊ येतात. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं हेही हलक्या थराला चालतं, पण पाणी बोअरचं नको, क्षारांचे डाग पडतात, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्यावं.

गाडी सावलीत, काच गार. लिक्विड काचेवर उडवायचं नाही, फडक्यावर घ्यायचं, कारण खाली स्पीकर, स्क्रीन, ब्लोअरच्या जाळ्या असतात आणि वर आरशामागे हल्ली कॅमेरा किंवा रेन सेन्सर. मायक्रोफायबरचं फडकं चौघडी करून घेतलं की आठ बाजू मिळतात, एक बाजू काळपट झाली की दुसरी, तीच बाजू पुन्हा फिरवली तर तेल परत काचेवर. ड्रायव्हर सीटवरून स्टिअरिंग आडवं येतं म्हणून डावीकडच्या सीटवर बसून करणं सोपं. काच जिथे डॅशबोर्डला मिळते तो खालचा कोपरा सगळ्यात वाईट, नव्या गाड्यांच्या काचा इतक्या तिरक्या की हात सरळ जातच नाही, तिथे पंजा उलटा करून, बोटं खाली आणि हाताची मागची बाजू डॅशबोर्डकडे, असं फडकं आत सरकवायचं. तेही जमत नसेल तर लांब दांड्याचा त्रिकोणी पॅड मिळतो. आतून उभे हात आणि बाहेरून आडवे हात मारले की नंतर फराटा दिसला तर तो कुठल्या बाजूचा हे लगेच कळतं. शेवटी कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचं आणि रात्री कोणाला तरी समोरून हेडलाईट लावायला सांगून बघायचं, दिवसाच्या उजेडात पास झालेली काच पास झाली असं धरायचं नाही.

वर्तमानपत्राने पुसायची जुनी पद्धत कोरडं चमकवायला बरी आहे, पण तेल ती उचलत नाही आणि शाई बाजूच्या फिक्या प्लास्टिकला लागते. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करायचं कंडिशनर घालू नये, ते धाग्यात बसतं आणि पुढच्या वेळी काचेवर येतं. अमोनियावालं क्लीनर फिल्म लावलेल्या काचेवर नको, फिल्म खराब होते. फास्टॅग बदलल्यावर जुन्याचा गोंद राहतो तो आयपीएने भिजवून ठेवायचा आणि मग नखाने किंवा प्लास्टिक कार्डने काढायचा, ब्लेड नाही. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, तारा असतात तिथे तारांच्या दिशेने आडवंच पुसायचं, उभं खरवडलं तर तार तुटते आणि तेवढी रेघ तापत नाही.

किती दिवसांनी करावं ह्याचा नेम नाही. नवी गाडी, उन्हातलं पार्किंग आणि सिगारेट असेल तर महिन्याभरात परत थर दिसतो, जुनी गाडी सावलीत उभी असेल तर दोन-तीन महिने जातात. उन्हात लावताना काचेला आतून सनशेड लावला तर डॅशबोर्ड कमी तापतो आणि निघताना दोन मिनिटं चारही काचा खाली करून गरम हवा बाहेर काढली तर तेवढी वाफ काचेवर बसायची वाचते.