अंगणातील बागेसाठी रोपांची निवड : पुणे परिसरातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रोपवाटिकेत फुलांनी लगडलेले रोप पाहिले की ते घ्यावेसे वाटते, आणि ते घरी कुठे लावायचे याचा विचार बहुधा नंतर होतो. आमची विनंती उलट क्रमाची आहे. आमच्याकडे ते रोप शेडनेटखाली, भुसभुशीत मातीत आणि रोजच्या पाण्यावर वाढलेले असते. आपल्या अंगणात त्याला यांपैकी एकही गोष्ट मिळेलच असे नाही. म्हणून आधी जागेचे ऊन, माती आणि पाणी पाहावे व त्यांना मानवेल असे रोप निवडावे. त्या दृष्टीने उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे.

ऊन

उन्हाबाबतची चूक सर्वांत जास्त वेळा होते, कारण जागा एकदाच पाहून निर्णय घेतला जातो. पुण्यात डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे भिंतीची दुपारची सावली उत्तरेकडे जवळजवळ भिंतीच्या उंचीएवढी पडते. २० फूट उंचीच्या दुमजली बंगल्याच्या उत्तरेस १० फुटांची पट्टी असेल, तर नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तिथे दुपारचे ऊन पोहोचतच नाही. याउलट मेच्या मध्यास सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर थोडा उत्तरेकडे सरकतो आणि जुलैअखेरीस पुन्हा माथ्यावर येतो. त्या काळात हीच पट्टी उन्हाने तापते. मे महिन्यात जागा पाहून ‘येथे भरपूर ऊन आहे’ असे ठरवून गुलाब किंवा शेवंती लावली, तर ज्या हिवाळ्यात ती बहरायला हवी त्याच काळात ती सावलीत राहते. उत्तरेकडील जागेसाठी अबोली, तगर, कुंती, अडुळसा आणि ओलावा टिकत असल्यास सोनटक्का ही रोपे आम्ही सुचवतो.

पूर्वेकडील अंगण सर्वांत सोयीचे असते. सकाळचे ऊन आणि दुपारनंतरची सावली गुलाब, जाई, जुई आणि जास्वंद या सर्वांना चालते. मोगऱ्याला मात्र जास्त ऊन द्यावे. त्याची जानेवारीअखेरीस छाटणी केल्यानंतर येणाऱ्या नव्या फुटीवरच कळ्या धरतात आणि त्या काळात ऊन कमी पडले तर नुसती पाने वाढतात. पश्चिमेची भिंत दिवसभराची उष्णता संध्याकाळनंतरही सोडत राहते, म्हणून तिच्याजवळ बोगनवेल, देवचाफा किंवा कण्हेर यांसारखी काटक झाडेच लावावीत. बोगनवेलीला पाणी आणि नत्रयुक्त खत जितके जास्त, तितकी फुले कमी, हे येथेच नोंदवून ठेवतो, कारण ‘वेल हिरवीगार आहे, पण फुलत नाही’ ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो.

माती आणि निचरा

मातीची परीक्षा घरच्या घरी करता येते. दीड फूट खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते पाणी मुरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, तर ती निचरा न होणारी जमीन समजावी. काळ्या मातीत असे सहसा आढळते. ही माती कसदार असते, परंतु पावसाळ्यात फुगून हवा कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळे तोडते. अशा जमिनीत सोनचाफा, लिंबू किंवा पपई खड्ड्यात लावल्यास जुलै-ऑगस्टमध्ये मुळे कुजण्याची भीती असते. त्याऐवजी फूट-दीड फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर लागवड करावी. खड्ड्यात नुसती वाळू मिसळल्याने प्रश्न सुटत नाही, कारण भोवतालची माती पाणी अडवून धरते आणि खड्ड्याचे टाके होते.

मुरमाड जागेत अडचण वेगळी असते. तेथे निचरा उत्तम असतो, पण मुळांना पसरायला माती नसते. दोन ते तीन फुटांचा खड्डा घेऊन तो चांगली माती आणि पूर्ण कुजलेल्या शेणखताने भरावा. नव्या बांधकामाच्या आवारात मातीखाली सिमेंट, चुना आणि विटांचा राडारोडा पुरलेला असतो, तो काढल्याशिवाय कोणतीही लागवड करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

पाणी

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड (क्षारयुक्त) पाण्यावर बाग अवलंबून असेल, तर अनंत आणि इक्झोरा जमिनीत लावण्यापूर्वी विचार करावा. या दोन्ही झाडांना आम्लधर्मी माती लागते. जड पाण्याने माती हळूहळू अल्कधर्मी होते, मुळांना लोह घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे खत कमी पडल्याचे लक्षण समजून अनेकजण युरिया घालतात, त्याचा काही उपयोग होत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोह) फवारून तात्पुरता फरक पडतो, पण पाणी तेच राहिले तर लक्षणे परत येतात. अनंत हवाच असेल, तर तो मोठ्या कुंडीत लावावा आणि शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. तगर, कण्हेर, देवचाफा आणि बोगनवेल यांना जड पाणी बरेच सोसते.

पूर्ण वाढीचा आकार

दीड फुटाच्या रोपाकडे पाहताना त्याची दहा वर्षांनंतरची उंची आणि पसारा डोळ्यांपुढे आणणे आवश्यक आहे. घर आणि कुंपण यांच्यामधील चार-पाच फुटांच्या पट्टीत कोणताही वृक्ष लावू नये; तेथे झुडपे आणि वेली शोभतात. मोकळ्या कोपऱ्यात प्राजक्त उत्तम. जागा त्याहून मोठी असेल तर ताम्हण लावावे. महाराष्ट्राचे हे राज्यपुष्प उन्हाळ्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरून येते. वड, पिंपळ, उंबर ही झाडे आम्हाला अतिशय प्रिय आहेत, परंतु त्यांची मुळे पाया आणि जलवाहिन्या यांच्यात शिरत असल्याने त्यांची जागा माळरानात, देवळाच्या आवारात आहे. सप्तपर्णीची रोपेही अनेकजण मागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांचा उग्र वास रात्री खिडकीजवळ असह्य होऊ शकतो, हे ध्यानात घेऊनच ती निवडावी.

फळझाडांपैकी छोट्या आवारासाठी आमची पहिली पसंती सरदार पेरूच्या कलमाला आहे. हा वाण मुळात पुण्याच्या गणेशखिंड येथील फळबागेतच निवडला गेलेला आहे, येथील हवामान त्याला मानवते आणि छाटणीने तो आटोक्यात राहतो. कागदी लिंबामध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा साई सरबती हा वाण चांगला आहे. आंबा हवाच असल्यास आटोपशीर वाढणारी आम्रपाली घ्यावी. हापूसच्या चवीची अपेक्षा मात्र तिच्याकडून ठेवू नये.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर दिसणाऱ्या अळ्यांविषयीही लिहिणे आवश्यक वाटते. त्या बहुतेक वेळा फुलपाखरांच्या असतात. लिंबाच्या कुळातील झाडांवरच ब्ल्यू मॉरमॉनची अळी वाढते, आणि २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला ते हेच. वाढलेले झाड थोडी पाने सहज गमावू शकते, म्हणून अशा वेळी विषारी औषध फवारू नये. झाड अगदी लहान असेल तर अळ्या हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

घरात लहान मुले किंवा पाळीव जनावरे असल्यास कण्हेर आणि पिवळी कण्हेर टाळावी, कारण त्यांचे सर्व भाग विषारी असतात.

खरेदी आणि लागवड

सर्वांत उंच रोप सर्वांत चांगले असते, असे नाही. ठेंगणे, जाड खोडाचे आणि फांद्या फुटलेले रोप घ्यावे. पानांची खालची बाजू उलटून पाहावी. तेथे पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो. पिशवीच्या तळातून जाड मुळे बाहेर आलेली असतील, तर ते रोप पिशवीत फार काळ राहिलेले आहे असे समजावे. कलमाचा जोड लागवडीनंतर जमिनीच्या वर राहील याची काळजी घ्यावी आणि जोडाखालून येणारे फुटवे वेळोवेळी काढावेत.

येथील रोपांच्या पिशवीत बहुधा लाल माती असते. तिचा घट्ट गोळा काळ्या मातीत तसाच ठेवला तर मुळे त्या गोळ्यातच फिरत राहतात, म्हणून बाहेरची थोडी माती हलक्या हाताने मोकळी करून रोप लावावे. लागवडीस जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यानंतरचा काळ योग्य असतो. निचरा कमी असलेल्या जमिनीत ऑगस्टअखेरपर्यंत थांबलेले बरे. एप्रिल-मे महिन्यांत लागवड करू नये, ग्राहकांनी मागणी केली तरी त्या काळात नाजूक रोपे न नेण्याचाच सल्ला आम्ही देतो.

रोपवाटिकेत येताना जागेची लांबी-रुंदी, तिची दिशा, सकाळी आणि दुपारी काढलेली छायाचित्रे, पाण्याचा स्रोत, आणि शक्य झाल्यास मूठभर माती सोबत आणावी.